पहिल्या ड्युटीआधी: औषधाला दाद न देणारे जंतू वॉर्डात कसे रोखायचे

नवी सिस्टर किंवा ब्रदर आमच्या आयसीयूत रुजू झाले की पहिल्या सकाळी मी त्यांना एका बेडच्या पायथ्याशी उभं करते आणि सांगते, "पंधरा मिनिटं काहीही करू नका. फक्त हात बघा." कोणाचा हात कुठे लागला आणि तिथून कुठे गेला, एवढंच. पेशंटच्या मनगटावरून मॉनिटरच्या बटणावर, बटणावरून पेनवर, पेनवरून फाईलवर, फाईलवरून शेजारच्या बेडच्या कठड्यावर. पंधरा मिनिटांनी त्यांच्या चेहऱ्यावर काळजी दिसायला लागते. ती दिसली की मग मी बाकीचं शिकवायला घेते.

मी राहते ठाण्यात, कोपरीला, आणि नवी मुंबईत इन्फेक्शन कंट्रोल नर्स म्हणून काम करते. हा लेख ज्यांची ही पहिलीच नोकरी आहे त्यांच्यासाठी: स्टाफ नर्स, इंटर्न, टेक्निशियन, आणि वॉर्डातल्या मावशी-मामासुद्धा. मावशी-मामांना हे कोणी बसून समजावत नाही, म्हणून त्यांना वाचून दाखवा अशी विनंती.

आधी हे जंतू राहतात कुठे ते समजून घ्या

रेझिस्टंट, म्हणजे औषधाला दाद न देणारे जंतू हे जास्त जहाल असतात असं नाही. न्यूमोनिया तोच, लघवीचं इन्फेक्शन तेच, फक्त आपल्या कपाटातली औषधं त्यांच्यावर चालत नाहीत. क्लेबसिएला, ॲसिनेटोबॅक्टर, स्युडोमोनास, ई. कोलाय, एमआरएसए (रेझिस्टंट स्टॅफिलोकोकस) ही नावं पहिल्या महिन्यातच ओळखीची होतील. कल्चर रिपोर्टवर (सॅम्पलमधला जंतू लॅबमध्ये वाढवून बघतात, त्याचा रिपोर्ट) औषधांच्या नावांपुढे 'आर', म्हणजे रेझिस्टंट, या अक्षराची रांग लागलेली दिसेल. मेरोपेनेमसारख्या भारी अँटिबायोटिकपुढेही 'आर' आला की हातात फार थोडी औषधं उरतात. त्यातलं कोलिस्टिन किडनीवर जड जातं. २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं थेट अशा इन्फेक्शनमुळे गेली, असा अंदाज २०२२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला.

पेशंटला अँटिबायोटिक दिलं की आतड्यातले साधे जंतू मरतात, आणि औषधाला दाद न देणारे चार-दोन असतील तर त्यांना मोकळं रान मिळतं. ते वाढतात. शिवाय ही दाद न देण्याची विद्या ते एकमेकांना देऊ शकतात, क्लेबसिएलाकडून ई. कोलायकडे, जनुकाचा तुकडा हातोहात दिल्यासारखा. तेव्हा अशा पेशंटच्या शौचात ते असतात, त्याच्या कातडीवर असतात, चादरीवर आणि कठड्यावर असतात. पेशंटला ताप नसतो, त्रास नसतो, रिपोर्टही काढलेला नसतो, तरी ते तिथे असतातच. ॲसिनेटोबॅक्टर तर कोरड्या पृष्ठभागावर आठवडेच्या आठवडे जिवंत राहतो.

म्हणून डायपर बदलणं हे आयसीयूतल्या फार जोखमीच्या कामांपैकी एक आहे. ते आपण सगळ्यात कमी शिकलेल्या माणसावर सोपवतो आणि त्याला ग्लोव्हजचा एकच जोड देतो. तुमच्या पाळीत हे होऊ देऊ नका. डायपर काढल्यावर ते ग्लोव्हज टाकायचे, हात स्वच्छ करायचे, नवे ग्लोव्हज घालून मगच स्वच्छ चादर, उशी, नळ्या यांना हात लावायचा.

हात

जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये हात स्वच्छ करायच्या पाच वेळा ठरवून दिल्या. भिंतीवर पोस्टर असेलच. पेशंटला हात लावण्याआधी. कुठलंही निर्जंतुक काम करण्याआधी. रक्त, लघवी, थुंकी यांचा संबंध आल्यावर. पेशंटला हात लावून झाल्यावर. आणि पेशंटच्या आजूबाजूच्या वस्तूंना हात लावल्यावर. ही शेवटचीच सगळे विसरतात. "मी पेशंटला शिवलेच नाही, फक्त पंप बंद केला" असं मी दिवसातून दहा वेळा ऐकते. पंप हा त्या पेशंटचाच भाग समजा.

हँडरब (हातावर चोळायचं अल्कोहोलचं द्रावण) तळव्यात छोटं डबकं होईल एवढं घ्या आणि २० ते ३० सेकंद, वाळेपर्यंत चोळा. अंगठा, बोटांची टोकं आणि बोटांच्या बेचक्या हमखास राहून जातात. हात दिसायला मळलेले असतील तर साबण-पाणी, ४० ते ६० सेकंद. जुलाबाच्या पेशंटला क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल हा जंतू असण्याची शंका असेल तरीही साबण-पाणीच, कारण त्याचे बीजाणू हँडरबनं मरत नाहीत. अंगठी, बांगड्या, घड्याळ ड्युटीवर नको. मंगळसूत्र आत ठेवा. नखं कापलेली, नेलपॉलिश नाही.

आता ग्लोव्हजबद्दल. मागच्या पावसाळ्यात एका नव्या सिस्टरचं ब्लड कलेक्शन मी शेजारी उभी राहून बघत होते. तिनं मन लावून ग्लोव्हज घातले. मग बेड खाली करायला हँडल फिरवलं. खिशात फोन वाजला, तो बंद केला. टूर्निके बांधलं, स्पिरिटनं कातडी पुसली, ती वाळू दिली, इथपर्यंत छान. आणि मग, सुई टोचायच्या ऐन आधी, शीर नक्की तिथेच आहे ना म्हणून त्याच पुसलेल्या जागेवर बोट टेकवून पुन्हा चाचपली. हँडल, फोन, बोट, शीर. तिचा हेतू चांगला होता आणि हात स्थिर होता. चूक एवढीच की ग्लोव्हजमुळे तिला हात स्वच्छ असल्यासारखे वाटले. ग्लोव्हज तुमचं रक्षण करतात, पेशंटचं आपोआप नाही. काम सुरू करायच्या अगदी आधी घालायचे, काम संपताच काढायचे, काढल्यावर हात स्वच्छ करायचे. ग्लोव्हजवर हँडरब चोळून पुढच्या बेडकडे जायचं नाही.

दर पाळीला एक प्रश्न: ही नळी आज कशासाठी आहे?

मला एकच गोष्ट शिकवायला मिळाली तर मी ही शिकवेन. हॉस्पिटलात लागणारी बरीचशी गंभीर इन्फेक्शन्स नळ्यांवाटे शिरतात: फोलीज कॅथेटर (लघवीची नळी), सेंट्रल लाईन (मोठ्या शिरेतली नळी), व्हेंटिलेटरची ट्यूब, साधा इंट्राकॅथ (हातातली सलाईनची छोटी नळी). नळी म्हणजे बाहेरून आत जाणारा उघडा रस्ता, आणि तो जितके दिवस उघडा तितका धोका वाढतो. नळी काढली की तो रस्ताच बंद होतो. कुठल्याही अँटिबायोटिकला हे जमत नाही.

नळी घालताना सगळे काळजी घेतात. काढायची मात्र कोणाला आठवत नाही. ऑपरेशननंतर एका रात्रीसाठी घातलेलं कॅथेटर सहाव्या दिवशी तसंच असतं, कारण डॉक्टरांना वाटतं सिस्टर सांगेल आणि सिस्टरला वाटतं डॉक्टर सांगतील. इथे नव्यांना बोलायची भीती वाटते, ते मला माहीत आहे. म्हणून शब्दच देते. राउंडला बेडपाशी आलात की म्हणा, "सर, फोलीजचा आज चौथा दिवस. पेशंट शुद्धीवर आहेत, चालतात. आज काढू का?" यात कोणाची चूक काढलेली नाही. दिवस सांगितला, पेशंटची स्थिती सांगितली आणि ऑर्डर मागितली. बहुतेक वेळा उत्तर येतं, "अरे हो, काढा." आणि "राहू दे" म्हणाले तर कारण विचारून फाईलवर लिहून ठेवा, उद्या पुन्हा विचारा.

नळी राहणारच असेल तर तिची निगा. युरोबॅग (लघवी जमा होणारी पिशवी) कायम मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला टेकलेली नाही. पेशंटला सीटी स्कॅनला नेताना वॉर्डबॉय ती सवयीनं पोटावर ठेवतो, तेव्हा लघवी उलटी फिरते. बॅग रिकामी करताना प्रत्येक पेशंटचं मोजपात्र वेगळं. कॅथेटर आणि बॅगचा जोड उगाच उघडायचा नाही.

सेंट्रल लाईनच्या हबला, म्हणजे बाहेरच्या तोंडाला, औषध जोडण्याआधी स्पिरिट किंवा क्लोरहेक्सिडीन स्वाबनं किमान १५ सेकंद घासायचं आणि वाळू द्यायचं. घड्याळ लावून एकदा मोजा. १५ सेकंद वाटतात त्यापेक्षा बरेच लांब असतात. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या आयसीयूंनी सेंट्रल लाईनसाठी पाच साध्या गोष्टी नेमानं केल्या: हात धुणं, पूर्ण निर्जंतुक आच्छादन, क्लोरहेक्सिडीननं कातडी पुसणं, शक्यतो जांघेतून लाईन न घालणं आणि गरज संपताच लाईन काढणं. २००६ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले, लाईनच्या इन्फेक्शन्समध्ये ६६ टक्क्यांपर्यंत घट झाली होती. यात नवं औषध एकही नव्हतं. आणि तिथे एखादी पायरी चुकली तर नर्सनं डॉक्टरांना थांबवायचं, अशी मुभा तिला दिलेली होती.

व्हेंटिलेटरच्या पेशंटचं डोकं ३० ते ४५ अंश वर. अंदाजानं ठेवू नका, बेडवरचा कोन बघा. तोंडाची स्वच्छता प्रत्येक पाळीत. इंट्राकॅथवर घातल्याची तारीख आणि वेळ लिहा, जागा लाल झाली, दुखली, सुजली की काढा. पट्टीखाली काय चाललंय ते दिसायला हवं, त्यामुळे पारदर्शक ड्रेसिंग वापरा.

बेड ते बेड फिरणाऱ्या वस्तू

मी नवी असताना एका आयसीयूत होते. एका ओळीतल्या तीन बेडना पंधरा दिवसांत एकच ॲसिनेटोबॅक्टर लागला. व्हेंटिलेटर तपासले, सक्शन तपासलं, एसीच्या जाळ्या काढल्या. शेवटी आमच्या तेव्हाच्या इन्चार्ज सिस्टरनं शुगर तपासायचा ट्रे उलटा केला. हा ट्रे दर सहा तासांनी प्रत्येक बेडवर जायचा. आम्ही तो पेशंटच्या पायापाशी गादीवर टेकवायचो, शुगर बघायचो, उचलून पुढच्या गादीवर. ट्रेची आतली बाजू रोज पुसली जायची. खालची बाजू कोणीही कधीच पुसली नव्हती. तिथल्या स्वाबमधून तोच जंतू वाढला. तो ट्रे कित्येकदा माझ्याच हातात होता, हे मी विसरलेले नाही.

त्यामुळे बीपीचा पट्टा, थर्मामीटर, सॅच्युरेशनचा प्रोब, स्टेथोस्कोप शक्य तिथे बेडगणिक वेगळे. नसतील तर प्रत्येक वापरानंतर पुसायचे. ट्रे ट्रॉलीवर ठेवायचा, गादीवर नाही. सोनोग्राफीच्या जेलची बाटली वरून भरत राहायची नाही. मोबाईल पेशंटच्या बेडपाशी काढायचा नाही.

हात धुवायच्या बेसिनमध्ये फक्त हात धुवायचे. उरलेलं सलाईन, चहा, सक्शनचं पाणी तिथे ओतलं की ड्रेनच्या पाइपात जंतूंची वसाहत होते आणि नळ सोडला की शिंतोड्यांबरोबर वर येते. इंजेक्शन भरायचा ट्रे बेसिनपासून किमान एक मीटर लांब.

आपल्याकडचा पावसाळा ही वेगळीच अडचण आहे. जूनपासून ठाण्यात काहीच वाळत नाही, आणि ओलाव्यात स्युडोमोनास सुखानं नांदतो. ऑक्सिजनच्या ह्युमिडिफायर बाटलीत नळाचं पाणी नको, निर्जंतुक पाणीच. वरून भर घालू नका, रोज रिकामी करा, धुवा, वाळवा, मग भरा. नेब्युलायझरचा कप तसाच. ओलसर चादर, ओलसर मॉप वापरायचा नाही, दमट वास आला की लाँड्रीला परत. त्यात डेंग्यू-लेप्टोच्या दिवसांत जादा बेड घुसवले जातात. दोन बेडमध्ये निदान एक मीटर राहत नसेल तर इन्चार्जना सांगा, लेखी सांगा.

फरशीवर रक्त सांडलं तर टिपून घ्या आणि १ टक्का हायपोक्लोराईट निदान १० मिनिटं राहू द्या. कॅन ५ टक्क्यांचा असेल तर एक भाग द्रावण आणि चार भाग पाणी. कॅनवरचा आकडा वाचल्याशिवाय बनवू नका. रोज ताजं बनवा, आणि ॲसिडमध्ये कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. कचऱ्याच्या पिवळ्या, लाल, पांढऱ्या, निळ्या रंगांचा तक्ता वॉर्डात लावलेला असतो, तो पाठ करा. सुई वापरली की टोपण परत लावायचं नाही, सरळ पांढऱ्या डब्यात.

कल्चर नीट पाठवा

अँटिबायोटिक अचूक निवडायचं तर रिपोर्ट अचूक हवा, आणि रिपोर्टची अर्धी किंमत सॅम्पल घेणाऱ्याच्या हातात असते. ब्लड कल्चर अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी घ्या. मोठ्या माणसाच्या प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली, दोन वेगळ्या जागांवरून. दोन मिली घालून पाठवलं तर जंतू असूनही सापडणार नाही. बाटलीचं रबरी झाकणही पुसा. लॅब बंद असेल तर बाटली खोलीच्या तापमानाला ठेवा. फ्रीजमध्ये अजिबात नाही, ही चूक रात्रपाळीत फार होते. लघवीचं सॅम्पल उलट, दोन तासांत पोहोचत नसेल तर फ्रीजमध्ये. ते युरोबॅगमधून काढू नका, कॅथेटरचा पोर्ट पुसून सिरिंजनं घ्या. मात्र सेप्सिसचा (इन्फेक्शन अंगभर भिनलेला) पेशंट कोसळत असेल तर कल्चरपायी डोस अडवून ठेवायचा नाही.

रिपोर्टमध्ये जंतू वाढला म्हणजे इन्फेक्शन झालंच असं नसतं. कॅथेटरच्या लघवीत जंतू असणं नेहमीचंच. ताप नाही, त्रास नाही, तर डॉक्टर अनेकदा औषध देत नाहीत, आणि ते बरोबर असतं.

अँटिबायोटिकमध्ये नर्सचा वाटा

औषध डॉक्टर लिहितात, पण वेळ तुम्ही पाळता. आठ तासांनी म्हणजे आठ तासांनी. पेशंट एमआरआयला गेला म्हणून दुपारचा डोस संध्याकाळी गेला, तर मधल्या वेळात रक्तातलं औषध कमी पडतं आणि तग धरू शकणारे जंतू तग धरतात. चार्टवर औषधाच्या नावापुढे रोज दिवस लिहा. तिसऱ्या दिवशी, कल्चर आलेलं असताना, विचारा: हेच चालू ठेवायचं, साधं औषध द्यायचं, की थांबवायचं? ऑपरेशनआधीचा डोस चिरेच्या आधी ६० मिनिटांत जायला हवा, आणि बहुतेक ऑपरेशनांना तो २४ तासांच्या पुढे लागत नाही. टाके काढेपर्यंत गोळ्या चालू ठेवून जखम लवकर भरत नाही.

बाहेरून आलेला पेशंट

भिवंडी, मुरबाड, शहापूरकडून, घोडबंदर रोडवरच्या छोट्या नर्सिंग होममधून पेशंट दोन-तीन ठिकाणं करून आपल्यापर्यंत येतो. ॲडमिशन घेतानाच विचारा: गेल्या तीन महिन्यांत कुठे भरती होता, कोणती अँटिबायोटिक्स झाली, कल्चर पाठवलं होतं का? रिपोर्ट फाईलमध्ये नसेल तर तिथल्या सिस्टरला फोन करा. रेझिस्टंट जंतू आधीच कळलेला असेल तर पहिल्या तासापासून वेगळी खोली, दारावर पाटी, आत जाताना गाऊन आणि ग्लोव्हज, वस्तू त्याच्या त्यालाच. आपण पेशंट दुसरीकडे पाठवताना ट्रान्सफर नोटवर हे पहिल्या ओळीत लिहा.

वेगळ्या खोलीतला पेशंट घाबरतो. "मला काय झालंय म्हणून सगळे झगे घालून येतात?" त्याला सांगा, "काका, तुमच्या अंगावरचा जंतू दुसऱ्या पेशंटला लागू नये म्हणून आम्ही हे घालतो. तुमची काळजी तितकीच घेणार." आणि खरंच तितक्या वेळा जा. गाऊन घालायचा कंटाळा म्हणून त्या खोलीत फेऱ्या कमी होतात, त्यानं पेशंटला पाठीला जखमा होतात. हे मी पाहिलंय.

नातेवाइकांना आल्या आल्या हँडरब कसा चोळायचा ते करून दाखवा. पेशंटच्या बेडवर बसू नका, शेजारच्या आजींना पाणी पाजायला जाऊ नका, हेही प्रेमानं सांगा. "सिस्टर, खर्चाचं बघू नका, भारी अँटिबायोटिक द्या" असं म्हणतील. डेंग्यूसारख्या व्हायरसच्या तापावर अँटिबायोटिकचा काहीच उपयोग होत नाही, हे दोन वाक्यांत समजावता आलं पाहिजे. डिस्चार्जला सांगा की गोळ्या लिहिल्या तेवढे दिवसच घ्यायच्या, उरल्या तर शेजारी वाटायच्या नाहीत, पुढच्या तापाला स्वतःहून घ्यायच्या नाहीत. मार्च २०१४ पासून बरीच महत्त्वाची अँटिबायोटिक्स एच-१ यादीत आहेत, चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत आणि दुकानदारानं नोंद तीन वर्षं जपायची. मेडिकलवाल्यानं चिठ्ठी मागितली तर तो बरोबरच करतोय, हे नातेवाइकांना सांगून ठेवा.

ड्युटी संपताना

युनिफॉर्म हॉस्पिटलातच बदला. ठाणे-वाशी लोकलच्या गर्दीत तो घालून उभं राहायचं नाही. वेगळ्या पिशवीत घरी न्या, घरच्या कपड्यांपासून वेगळा धुवा, पावसाळ्यात इस्त्री करून पूर्ण कोरडा करा. फोन पुसा.

पण त्याआधी ओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीच्या सिस्टरला पेशंट सोपवणं. थकलेल्या वेळी ओव्हर "सगळं ओके" एवढ्यावर आटपतो. तुम्ही तसा देऊ नका. बेडपाशी उभं राहून पुढच्या सिस्टरला दिवस मोठ्यानं वाचून दाखवा: "बेड सहा. फोलीज तिसरा दिवस, सेंट्रल लाईन पाचवा, मेरोपेनेम चौथा. ब्लड कल्चर पाठवलंय, रिपोर्ट बाकी. फोलीज काढायचं सकाळी सरांना विचारलं, उद्या बघू म्हणाले. तू उद्या परत विचार."